ताटात आलेला तोतया

इस्लामपूर, कराड, कोल्हापूर या पट्ट्यातल्या ढाब्यांवर ‘अख्खा मसूर-रोटी’ची ऑर्डर रोज किती वेळा जात असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. हंडीतला दाणा कुठून आला, हे विचारायच्या भानगडीतही कुणी पडत नाही. मसूर आपल्याकडे मध्य प्रदेशात, उत्तर प्रदेशात पिकतो. पण देशाची गरज त्यावर भागत नाही. उरलेला माल बोटीने येतो, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून. आणि कॅनडाचा मसूर म्हणजे बहुतेक सगळा सस्कॅचवान या एका प्रांतातला.

तिथला उन्हाळा आखूड असतो. मसुराचं झाड एकदम पिकत नाही. खालच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागल्या तरी शेंड्याच्या शेंगा हिरव्याच असतात, आणि मधूनमधून हिरवंगार तण डोकं वर काढून उभं असतं. हिमाची पहिली रात्र कधी येईल याचा नेम नसतो. मग शेतकरी कापणीच्या आठवडाभर आधी उभ्या पिकावर तणनाशक मारतो. तण मरतं, पीक एकसारखं वाळतं, यंत्र अडत नाही. या कामासाठी तिथे जी औषधं वापरतात, त्यांतलं एक ठळक नाव ग्लायफोसेट. आपल्याकडे खेडोपाडी कृषी केंद्रांत जे ‘राऊंडअप’ म्हणून मागतात, तेच.

ऑक्टोबर २०१८मध्ये आपल्या अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, बंदरांवरच्या अधिकाऱ्यांना आयात कडधान्यांत ग्लायफोसेटचा अंश तपासायला सांगितलं. मूग आणि मसूर ही नावं तेव्हा बातम्यांत झळकली. गंमत अशी, की कडधान्यात हे किती चालेल याची भारताची स्वतःची मर्यादाच तेव्हा नव्हती. म्हणून ‘कोडेक्स’ या आंतरराष्ट्रीय संहितेची मर्यादा उसनी घेतली: मसुराच्या एका किलोत ५ मिलिग्रॅम. तेव्हापासून घराघरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘मसूर खाऊ नका, कॅन्सर होतो’ हा निरोप दर काही महिन्यांनी पुन्हा उगवतो. लव्हाळ्यासारखाच, वरून खुडला तरी खाली गाठ शिल्लक असते.

भीती खरी का खोटी, हे सांगण्याआधी हा रेणू नेमकं करतो काय ते बघायलाच हवं. कारण ती गोष्ट भीतीपेक्षा कितीतरी विलक्षण आहे.

१९५० साली आंरी मार्टिन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने सिलाग नावाच्या औषधकंपनीत हा पदार्थ पहिल्यांदा बनवला. औषध म्हणून त्याचा काही उपयोग दिसेना, म्हणून तो फडताळात गेला. पुढे अमेरिकेत सेंट लुईसला मोन्सँटो कंपनी पाण्याचा जडपणा घालवणारी रसायनं शोधत होती. त्यासाठी बनवलेल्या शंभरेक रेणूंपैकी दोघांनी तणांना किंचित त्रास दिला, एवढीच नोंद झाली. जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाकडे काम आलं, की यांचं एखादं दमदार भावंड सापडतं का बघा. १९७० साली त्यांना ग्लायफोसेट सापडलं, १९७४ साली ते राऊंडअप या नावाने बाजारात आलं. ते वनस्पतीला मारतं कसं, हे मात्र बनवणाऱ्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. नेमकी जागा १९८०च्या सुमारास जर्मनीत उघडकीला आली.

ती जागा समजून घ्यायची तर मसाल्याच्या डब्याशी जावं लागतं. त्यातलं चक्रीफूल, काही घरांत ज्याला बादियान म्हणतात, त्याची एक जपानी चुलत बहीण आहे. तिचं नाव शिकिमी. देवळांत वाहायची, दिसायला चक्रीफुलासारखीच, पण विषारी. १८८५ साली योहान आइकमन या डच माणसाने जपानमध्ये राहून या शिकिमीतून एक आम्ल वेगळं केलं. त्याला शिकिमिक आम्ल हे नाव पडलं. त्या वेळी ते एका झाडातलं एक किरकोळ आम्ल होतं. पुढे कळलं, की पृथ्वीवरचं प्रत्येक हिरवं पान, हरळीच्या काडीपासून वडाच्या पारंबीपर्यंत, आपल्या पेशीत हे आम्ल तयार करतं आणि लगेच पुढे ढकलतं. त्या रांगेच्या शेवटी तीन अमिनो आम्लं निघतात: फेनिलअ‍ॅलनीन, टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन. प्रथिनं यांच्याशिवाय बनत नाहीत. लाकडाला ताठ उभं ठेवणारं लिग्निनही याच वाटेने येतं. वनस्पतीने हवेतून ओढलेल्या कार्बनचा निदान पाचवा हिस्सा या एका वाटेने जातो, असा अंदाज आहे.

ही वाट वनस्पतींत आहे, बुरशीत आहे, जिवाणूंत आहे. प्राण्यांत नाही. मुंगीत नाही, म्हशीत नाही, तुमच्याआमच्यात नाही. आपल्याला फेनिलअ‍ॅलनीन आणि ट्रिप्टोफॅन स्वतः बनवताच येत नाहीत. ते दुसऱ्या कुणीतरी बनवलेले आपण खातो. वरणभात खाताना आपण तुरीच्या झाडाने त्या वाटेवर केलेली मेहनत उचलत असतो. टायरोसीन आपण बनवतो, पण तेही आयत्या फेनिलअ‍ॅलनीनपासून. कोट्यवधी वर्षांपूर्वी प्राण्यांनी हा कारखाना बंद केला आणि खाऊन भागवायचं ठरवलं, त्याचाच फायदा हे तणनाशक उठवतं. कारखानाच नाही, तर बंद काय पाडणार?

आणि बंद पाडण्याची पद्धत तर अफलातून. त्या वाटेवर ईपीएसपीएस नावाचं एक विकर आहे. शिकिमिक आम्लाचा एक अवतार आणि पीईपी नावाचा छोटा रेणू यांना ते जोडतं. ग्लायफोसेट नेमकं पीईपीच्या जागेवर जाऊन बसतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, किल्ले घेतले, सरदार फोडले, आणि पेशवाईला त्याचा कायमचा बंदोबस्त १७७६ सालीच करता आला. तसाच हा रेणूंच्या दुनियेतला तोतया. विकर त्याला खरा समजून कवेत घेतं आणि तिथेच अडकून बसतं. यात मला सगळ्यांत आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पीईपी हा रेणू आपल्या शरीरातही आहे. साखरेतून शक्ती काढताना प्रत्येक पेशी तो वापरते, आणि त्याला ओळखणारी विकरंही आपल्यात आहेत. पण ती या तोतयाला फसत नाहीत. फसतं ते एकटं वनस्पतींचं आणि जिवाणूंचं विकर.

म्हणून फवारणीनंतर तण लगेच जळत नाही. चारपाच दिवस काही झालंच नाही असं वाटतं. नवखा माणूस दुकानदाराला शिव्या घालतो. मग शेंडा पिवळा पडतो आणि दोनेक आठवड्यांत सगळं वाळून जातं. औषध पानातून आत जातं, पानाने बनवलेल्या साखरेबरोबर प्रवास करतं आणि साखर जिथे जाते तिथे पोहोचतं: मुळांत, कोंबात, जमिनीतल्या गाठीत. खुरप्याला दाद न देणारी हरळी आणि कुंदा याला बधतात ते यामुळे. ‘तण खाई धन’ म्हणणाऱ्या आणि निंदणीला माणसं मिळत नाहीत म्हणून हातघाईवर आलेल्या शेतकऱ्याला हे औषध देवदूत वाटलं, यात नवल नाही.

आता मसुराकडे परत येऊ, कारण प्रवासाची हीच रीत दाण्यातल्या अंशाचं कारण आहे. दाणा भरत असताना झाड आपली साखर दाण्याकडे पाठवत असतं. त्या वेळी फवारलं, तर साखरेबरोबर ग्लायफोसेटही दाण्यात उतरतं. दाणा भरून झाला, वाळायला लागला, की तो रस्ता बंद होतो. म्हणून कॅनडातल्या डब्यावर सूचना असते: दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय फवारू नका. घाई केली, किंवा शेताचा एक कोपरा हिरवा असताना सगळ्यावर मारलं, की अंश वाढतो. हा अंश दाण्याच्या आत असतो. डाळ धुतल्याने सालीवरचं जाईल, आतलं जाणार नाही. युरोपीय संघाने २०२३मध्ये ग्लायफोसेटला आणखी दहा वर्षं मुदत दिली खरी, पण पीक वाळवण्यासाठी ते मारायला बंदी घातली. इटलीने कापणीपूर्व वापर २०१६मध्येच थांबवला होता.

भारतात याची नोंदणी फक्त दोन ठिकाणांसाठी आहे: चहाचे मळे आणि पीक नसलेली जमीन. ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्राने आणखी एक अट घातली, की फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकानेच करायची. कागदावर एवढंच. शेतात मात्र बांधावर, उसाच्या सरीत, फळबागेत ते मारलं जातं आणि पंप शेतकऱ्याच्या नाहीतर सालगड्याच्या पाठीवर असतो.

कापसाची कहाणी तर याहून चमत्कारिक. अमेरिकेत लुइझियाना राज्यात लुलिंग इथे ग्लायफोसेटचा कारखाना आहे. त्याच्या सांडपाण्यात, जिथे हे रसायन भरपूर, तिथेच एक जिवाणू मजेत जगताना सापडला. त्याचं ईपीएसपीएस विकर तोतयाला ओळखत होतं. त्याचा जनुक उचलून पिकात घातला आणि १९९६ साली तणनाशक पचवणारं सोयाबीन बाजारात आलं. फवारा, तण मरेल, पीक उभं. याच जातकुळीचा एचटीबीटी कापूस भारतात मंजूर नाही, तरी विदर्भात त्याचं बियाणं चोरून पोहोचलं. आणि जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर गावात शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे पेरून कायदेभंग केला. कापूस आपण खात नाही, हे म्हणणं अर्धंच खरं. सरकीचं तेल आपल्या पोटात जातं, पेंड जनावराच्या. तेलात ग्लायफोसेट जवळपास उतरत नाही, कारण ते पाण्यात विरघळतं, चरबीशी त्याचं जमत नाही. याच स्वभावामुळे ते डीडीटीसारखं अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकत नाही. शरीरात शिरलेलं बरंचसं शोषलंच जात नाही, शोषलेलं लघवीवाटे निघून जातं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३-१४च्या नमुन्यांत पाचांपैकी चार जणांच्या लघवीत ते पाहिलं. आकडा भयंकर वाटतो. त्याचा एक अर्थ असा, की ते जवळपास सगळ्यांच्या ताटात आहे. दुसरा असा, की ते बाहेर पडतं आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे.

पाचांपैकी चार जणांत सापडलं, कारण शोधण्याचं यंत्र आता अब्जातला एक भाग दाखवतं. तरी ग्लायफोसेट पकडणं अवघडच. फळं-भाज्यांतली शेकडो कीटकनाशकं एका झटक्यात तपासायची जी पद्धत जगभर चालते, तिच्यात द्रावकाने अंश ओढून काढतात. पाण्याला चिकटून राहणारं ग्लायफोसेट त्या द्रावकाकडे येतच नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागते. श्टुटगार्टच्या सरकारी प्रयोगशाळेने ती बसवली. याचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा. एखाद्या दुकानदाराने ‘तीनशे कीटकनाशकं तपासली, काही आढळलं नाही’ असा प्रयोगशाळेचा कागद दाखवला, तर त्या यादीत ग्लायफोसेट आहे का, हे आधी बघा. बहुतेक वेळा नसतं. नसेल, तर त्याच्याबद्दल तो कागद मुका आहे.

यादीत नसलेलं रसायन कसं महागात पडतं, हे नाशिकच्या द्राक्षवाल्यांना कुणी शिकवायला नको. २०१०च्या हंगामात युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट सापडलं. हे तणनाशक नव्हे, वाढ रोखणारं संजीवक. बागायतदारांच्या तोंडी ‘लिहोसिन’. निर्यातीच्या तपासणीत ते बघितलंच जात नव्हतं. कंटेनर अडले, भाव कोसळले, कित्येक बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर यादी वाढली. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली आज निर्यातीच्या प्रत्येक बागेचा रेसिड्यू तपासला जातो, डब्यावरच्या क्रमांकावरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. युरोपच्या मुलाने खायच्या घडाला एवढी शिस्त. नाशिकच्या मुलाने खायच्या घडाला ती का नाही, हा प्रश्न मला दर हंगामात पडतो.

बरं, सापडलं म्हणजे किती? जर्मनीत २०१६ साली म्युनिकच्या एका पर्यावरण संस्थेने चौदा नामांकित बिअर तपासल्या. चौदांतही ग्लायफोसेट निघालं, सगळ्यांत जास्त लिटरला सुमारे ३० मायक्रोग्रॅम. बिअरच्या शुद्धतेचा पाचशे वर्षांचा कायदा मिरवणाऱ्या देशात हलकल्लोळ झाला. सरकारी जोखीम-मूल्यमापन संस्थेने शांतपणे सांगितलं, की धोक्याच्या पातळीला जायला माणसाने दिवसाला हजार लिटर बिअर प्यायला हवी. लोक हसले, पण सगळे शांत झाले नाहीत. मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं. आकडा छोटा होता हे खरं. आणि न विचारता कुणी आपल्या पेल्यात काही घालू नये, हेही खरं.

हाच हिशेब आपण मसुराला लावून बघू. उंदरांना दोन वर्षं रोज हे रसायन खाऊ घालून, ज्या मात्रेला काहीच अपाय दिसला नाही ती पातळी घेतात आणि तिला शंभराने भागतात: दहा यासाठी, की माणूस उंदराहून नाजूक असू शकतो, आणि दहा यासाठी, की सगळी माणसं सारखी नसतात. शंभराचा हा रिवाज अमेरिकेत १९५४ साली पडला. त्यातून जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञसमितीने ठरवलेली रोजची मर्यादा येते शरीराच्या किलोमागे १ मिलिग्रॅम. युरोपची त्याच्या निम्मी. कडक मर्यादा धरू. ५० किलोच्या माणसाला रोज २५ मिलिग्रॅम. मसूर अगदी कोडेक्सच्या काठावरचा, किलोत ५ मिलिग्रॅमवाला, असं समजू. माणसाने दिवसाला ५० ग्रॅम कच्चा मसूर शिजवून खाल्ला, तर पोटात जातं पाव मिलिग्रॅम. मर्यादेचा शंभरावा भाग. पंधरा किलोच्या मुलाने ३० ग्रॅम खाल्ला तर पन्नासावा. मर्यादा गाठायला मोठ्या माणसाला रोज पाच किलो मसूर खावा लागेल, आणि त्याआधी पोट वेगळ्याच कारणाने बोलायला लागेल.

मग कॅन्सरचं काय? मार्च २०१५मध्ये फ्रान्समधल्या लियाँ इथल्या आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, ग्लायफोसेटला २-अ गटात टाकलं: ‘माणसात कर्करोगाला बहुधा कारण’. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्याच दुसऱ्या समितीने म्हटलं, की अन्नातून एवढ्या प्रमाणात कर्करोगाचा धोका संभवत नाही. एकाच छत्राखालून दोन निकाल. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी खोटं बोलतंय. पण दोघांनी दोन वेगळे प्रश्न सोडवले होते. लियाँवाल्यांचा प्रश्न होता, हे रसायन कोणत्याही मात्रेत, कुठल्याही परिस्थितीत कर्करोग करू शकतं का? दुसऱ्यांचा होता, ताटातून जेवढं जातं तेवढ्याने होईल का? त्याच २-अ गटात लाल मांस आहे, रात्रपाळी आहे आणि ६५ अंशांहून गरम पेय प्यायची सवयही आहे. फुंकर न घालता उकळता चहा घशात ओतणारे काकासाहेब आणि मसूर या यादीत शेजारी बसतात. त्याच्या वरचा, म्हणजे नक्की कर्करोग करणारा पहिला गट. त्यात आपल्या पानाच्या तबकातली सुपारी आहे. सुपारीविरुद्ध फॉरवर्ड फारसे येत नाहीत.

लियाँच्या तज्ज्ञांनी पाहिलेला माणसांतला पुरावा मर्यादित होता, आणि तो होता फवारणी करणाऱ्यांवरचा. नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींचा कर्करोग त्यांना खुपला. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या चोपन्न हजारांहून अधिक फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास २०१८मध्ये आला; त्यात एकूणात संबंध दिसला नाही. २०१९मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मात्र सर्वाधिक संपर्क असलेल्यांत धोका ४१ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्याआधी, ऑगस्ट २०१८मध्ये, कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या मैदानांची निगा राखणारे ड्वेन जॉन्सन यांनी मोन्सँटोविरुद्धचा खटला जिंकला. ज्युरींनी २८९ दशलक्ष डॉलर देवविले, ते पुढे वरच्या न्यायालयांत बरेच खाली आले. त्याच वर्षी मोन्सँटो विकत घेतलेल्या बायरने २०२०मध्ये दहा अब्ज डॉलरहून मोठी तडजोड जाहीर केली. जॉन्सन काही डाळ खाऊन आजारी पडले असं त्यांचं म्हणणं नव्हतं; औषधाने ते भिजले होते.

या खटल्यांत कंपनीच्या ईमेल बाहेर आल्या आणि इथे माझा सूर बदलतो. ग्लायफोसेट निर्धोक आहे असं सांगणारा २०००मधला एक शोधनिबंध वर्षानुवर्षं नियामकांच्या कागदपत्रांत आधार म्हणून फिरत होता. तो लिहिण्यात कंपनीच्याच माणसांचा हात होता, अशी शंका त्या ईमेलमधून आली. २०२५च्या अखेरीस नियतकालिकाने तो मागे घेतला. शास्त्र कुठे चुकलं यापेक्षा, लेखकाच्या खुर्चीतही तोतया बसू शकतो, हे जास्त बोचणारं आहे. लोकांचा अविश्वास अडाणीपणातून येतो असं म्हणणाऱ्यांनी हा निबंध आठवावा. वर सांगितलेला शंभराने भागायचा हिशेब स्वच्छ आहे, पण त्यात घातलेले आकडे बरेचदा विकणाऱ्यानेच पुरवलेले असतात.

शिवाय काही प्रश्न हिशेबात येतच नाहीत. मर्यादा एकेका रसायनाची ठरते. ताटात मात्र द्राक्षाचं बुरशीनाशक, भेंडीचं कीटकनाशक आणि मसुराचं तणनाशक पंगतीला बसलेलं असतं. डब्यात नुसतं ग्लायफोसेट नसतं, ते पानाला चिकटावं म्हणून साबणासारखी द्रव्यंही असतात. त्यांतलं चरबीपासून बनवलेलं एक, पीओईए, हे ग्लायफोसेटपेक्षा जहाल निघालं आणि युरोपने २०१६मध्ये त्यावर बंदी घातली. आणि ती शिकिमिक आम्लाची वाट आपल्यात नाही असं मी म्हटलं, पण आपल्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंत ती आहे! फिनलंडमधल्या संशोधकांनी जनुकांवरून अंदाज केला, की माणसाच्या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूंपैकी निम्म्याहून अधिक जातींचं विकर या तोतयाला फसणाऱ्या प्रकारचं आहे. दुसरीकडे डेन्मार्कमधल्या उंदरांवरच्या प्रयोगात आतड्यातल्या वस्तीवर फारसा परिणाम दिसला नाही, कारण जेवणातूनच तयार अमिनो आम्लं मिळत असल्यावर जिवाणूंनाही ती बनवायची गरज पडत नाही. आपल्यासारखेच तेही आयतं खातात. या प्रश्नाची फाईल मात्र अजून उघडीच आहे.

आता एक शेवटचा हिशेब, जो मसुराच्या फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. आपल्याकडे मिळणाऱ्या ग्लायफोसेट ४१ टक्केच्या डब्यातल्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ३६० मिलिग्रॅम ग्लायफोसेट असतं. काठावरच्या मसुराच्या ७२ किलोंत मिळून तेवढं होतं. झाकण उघडताना, पंपात ओतताना, काडी नाही म्हणून हाताने ढवळताना एक मिलिलिटर तळहाताला लागणं म्हणजे काहीच नाही. कातडीतून शंभरातला एखादाच भाग आत जातो असं धरलं, तरी तो पाऊण किलो मसुराएवढा. आणि तो एकदा नाही; पंपामागून पंप, दिवसामागून दिवस. गळक्या नोझलने पाठ भिजते, वाऱ्याने तोंडावर तुषार येतात, त्याच हाताने तंबाखू मळला जातो. डब्यावरचा रंगीत त्रिकोण, लाल, पिवळा, निळा की हिरवा, एवढंच सांगतो की आज पोटात गेलं तर किती लवकर बाधेल. वीस वर्षं अंगावर घेतल्याचं काय, ते तो सांगत नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती कीटकनाशकं होती, तणनाशक नव्हतं. पण पंप तोच, उघडा हात तोच आणि दुकानातून औषधाबरोबर हातमोजे न मिळणंही तेच.

म्हणून माझं मत असं: मसूर खायला हरकत नाही. मुलांनाही द्या. ताटातल्या अंशाची काळजी वाटत असेल, तर ती फॉरवर्ड करण्यापेक्षा मागणीत बदला. आयात कडधान्यांच्या तपासणीचे निकाल, ग्लायफोसेटसकट, एफएसएसएआयने बंदरवार आणि महिन्यागणिक जाहीर करावेत. निर्यातीच्या द्राक्षाला जी तपासणी लागते ती बाजार समितीत येणाऱ्या मालालाही लागावी. आणि तुमच्या शेतात, तुमच्या गावच्या घराच्या बांधावर या मोसमात कुणी तणनाशक मारणार असेल, तर औषधाच्या बिलात रबरी हातमोजांचे आणि चष्म्याचे पैसे आधी धरा. ते पैसे धरणारा मालक मला अजून फार कमी ठिकाणी भेटला आहे.